बेसचा धप्पा आणि मंजुश्रीचं लग्न

कोहिनूर गावच्या तानाजीचा साऊंड लागला की आधी धप्पा बसायचा आणि मग गाणं सुरू व्हायचं. साधासुधा धप्पा नव्हे. बेसचे दोन डबे, स्पीकर अठरा इंची, आत माणूस उकिडवा बसेल एवढे. तानाजीनं शेवटचं बटन दाबलं रे दाबलं की त्या सबवूफरमधून असा "धप्प!" निघायचा की उभ्या माणसाच्या पोटातलं पाणी हलायचं. बंद करताना पुन्हा तेच. कार्यक्रम आटोपला, पाव्हणे निवांत टेकले, तानाजीनं पहिल्या बटनाला हात घातला की "धप्प!"

लोकांनी अंगवळणी पाडून घेतलं होतं म्हणा. तानाजी साऊंडच्या टेम्पोकडं निघालेला दिसला की बाया लेकरांच्या कानावर हात ठेवायच्या, म्हातारे मंडपाचा खांब धरायचे आणि आचारी कढईपासून दोन पावलं मागं सरायचा. कुणी बोललंच तर तानाजी छाती काढून सांगायचा, "अण्णा, बेस हाय तो. ताकदीचं जनावर उठताना अंग झटकतंच की!" आणि समोरचा मान डोलवायचा, कारण बसवकल्याण तालुक्यात तानाजीसारखा गोड साऊंड दुसऱ्याचा नव्हता हेही तितकंच खरं. एकदा का तो धप्पा पोटात जिरला, की पुढं सनई ऐकावी ती तानाजीच्याच डब्यावर.

तर अशी वीस वर्षं गेली. सगळ्यांनी सोसलं. सोसलं नाही ते जनवाड्याच्या नागव्वानं.

झालं असं की तानाजीच्या लेकीला, मंजुश्रीला, जनवाड्याचं स्थळ आलं. मुलगा नागेंद्र, बाप अंबाजी, आणि त्या दोघांच्या वर ही आजी नागव्वा. नागेंद्रची आई तो रांगत होता तेव्हाच गेलेली. आजीनंच त्याला वाढवला, न्हाऊ घातलं, शाळेत पोचवला, आणि आता लग्नही तीच लावणार होती. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, साखरपुडा तानाजीच्या अंगणात झाला. साऊंड अर्थातच घरचा. सुरू होतानाचा धप्पा पाव्हणे येण्याआधीच होऊन गेला होता, त्यामुळं सगळं कसं छान चाललं होतं. अंगठ्या झाल्या, जेवणं झाली, शेवटी चहा आला. नागव्वानं नवंकोरं इरकल नेसलेलं. तिनं बशी ओठाला लावली आणि तिकडं तानाजी हौसेनं साऊंड बंद करायला गेला.

"धप्प!"

बशी उडाली. चहा इरकलावर, बशी अंबाजीच्या मांडीवर, आणि नागव्वा छाती धरून बसल्या जागी वीतभर वर. तानाजी टेम्पोतून खाली वाकून म्हणाला, "काय न्हाई, काय न्हाई, बेस हाय!" आता ह्या माणसाला काय म्हणावं! व्याह्यांच्या आईच्या अंगावर चहा सांडलाय आणि हा बेसची ओळख करून देतोय.

"अय्यो," नागव्वा म्हणाली. अंबाजी भला माणूस. त्यानं "असू द्या, असू द्या" म्हणत धोतर झटकलं. पण निघताना म्हातारी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "पोरगी सोन्यासारखी हाय. माझी ना न्हाई. पण लग्नाच्या मांडवात हा धप्पा मला एकदा जरी ऐकू आला ना, तर मी उठले म्हणून समजा. आणि मी उठले की माझा नातू उठला." सगळ्यांनी नागेंद्रकडं पाहिलं. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होता, पण नाही म्हणून मान मात्र त्यानं हलवली नाही. आजी उठली असती तर तो खरंच उठला असता.

पाव्हण्यांची जीप वळणावर दिसेनाशी झाली तशी बंटीनं तोंड उघडलं. बंटी म्हणजे तानाजीचा मेहुणा, बायकोचा, अंजूचा, धाकटा भाऊ. "भाऊजी, उगं कशाला जोखीम? मी हुमनाबादचा साऊंड सांगतो. तुम्ही आपलं फेटा बांधून मिरवा."

तानाजीला हे असं लागलं की तो उठून गोठ्यात जाऊन बसला. अहो, वीस वर्षं ह्या माणसानं दुसऱ्यांच्या पोरी नांदायला पाठवल्या होत्या. प्रत्येक मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली की ह्याच्या मनात एकच, माझ्या मंजूच्या वेळी आवाज असा लावीन, की ऐकणाऱ्यानं जन्मभर नाव काढावं. आणि आता तिच्याच लग्नात दुसऱ्याचे डबे? त्याला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

मंजुश्री मागोमाग गोठ्यात आली. पोरगी लहानपणापासून बापाच्या टेम्पोत वाढलेली, वायरींच्या वेटोळ्यावर झोपलेली. "अप्पा, मला तुमचाच साऊंड पायजे. दुसऱ्याचा आणलाव तर मी बोहल्यावर चढणार न्हाई," ती म्हणाली. "पण अप्पा, तो धप्पा तेवढा काढा. मला नागेंद्र पण पायजेत."

एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला नागव्वा, मध्ये धप्पा. लग्नाला पंधरा दिवस.

तानाजी कामाला लागला. आता साऊंडवाल्याच्या अंगणात पंधरा दिवस साऊंड उघडा पडलाय म्हटल्यावर सल्ला द्यायला गाव कमी पडतं होय? बंटी म्हणाला नजर लागलीय. अंजूनं डब्याला लिंबू-मिरची बांधली. पहिल्याच धप्प्याला लिंबू सुटून शेजारच्या राजूबाईच्या ताकात पडलं. दुसऱ्यानं सांगितलं, अर्थिंग कच्चं आहे. तानाजीनं अंगणात कमरेइतका खड्डा घेतला, त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, सळई रोवली, पाणी सोडलं. धप्पा तसाच. फायदा झाला तो म्हशीचा. दावं तोडून आली आणि खड्ड्याच्या काठचं मीठ चाटत उभी राहिली, ती संध्याकाळपर्यंत हलेना.

मग त्याच्या मनानं घेतलं की डब्यात हवा फार आहे, आत कापूस भरावा. कापूस कुठला? तर रुखवतासाठी अंजूनं भरून घेतलेली नवी गादी. ती त्यानं उसवली. अंजू बाजारातून आली तर गादीची खोळ दोरीवर आणि नवरा अर्धा डब्यात, केसाला कापूस चिकटलेला.

"बघ की, काय फरक पडलाय!" तो आतूनच ओरडला. बाहेर येऊन बटनं दाबली. "भप्प!"

"फरक पडलाय," अंजू म्हणाली. "आधी धप्प करायलंता, आता भप्प करायलंय. आणि माझ्या लेकीची गादी गेली." त्या दिवशी जेवण वाढताना तिनं ताट इतक्या जोरात ठेवलं की तानाजीला वाटलं धप्पाच झाला.

शेवटचा उपाय कलबुर्गीचा. तिथं विजयेंद्र म्हणून एक मेकॅनिक. मास्तराचा पोरगा, डिप्लोमा झालेला, मोठमोठ्या सभांचे साऊंड त्याच्याकडं दुरुस्तीला यायचे. तानाजीनं साऊंडचा अख्खा संसार टेम्पोत घातला, तिप्पण्णाला स्टीअरिंगवर बसवलं आणि कलबुर्गी गाठली. हा तिप्पण्णा त्याचा वीस वर्षांचा जोडीदार, टेम्पोही तोच चालवायचा आणि डबेही तोच उचलायचा. विजयेंद्रनं सगळं जोडलं, स्वतःच्या हातानं चालू केलं. गाणं लागलं. बंद केलं. पुन्हा चालू केलं. असं पाच वेळा केलं. धप्पा नाही. भप्पाही नाही.

"अण्णा, ह्याला काय झालंय?" विजयेंद्रनं विचारलं. "चांगला ठणठणीत आहे की."

"साहेब, देवाशपथ, घरी धप्पा करतंय!"

"इथं तर गुणी बाळासारखं वागतंय."

तानाजीला स्वतःच्या डब्यांचाच राग आला. पोरगं घरी उच्छाद मांडतं आणि मास्तरासमोर हाताची घडी घालून बसतं, तशातली गत. आनंदानं म्हणा, लाजेनं म्हणा, सामान पुन्हा टेम्पोत भरलं, ऐंशी-नव्वद किलोमीटर खड्डे खात घरी आले, अंगणात जोडलं, तानाजीनं बटनं दाबली आणि "धप्प!"

तिप्पण्णा म्हणाला, "कलबुर्गीचं पाणी मानवलं असंल त्याला." तानाजीनं त्याच्याकडं असं पाहिलं की बिचारा जेवायला निघून गेला. तसाही तो जेवायला निमित्तच शोधत असायचा.

लग्नाला चार दिवस राहिले. दुपारची वेळ. अंगणात मांडवाचे खांब रोवून झालेले, अंजू सावलीला गहू निवडत बसलेली, आणि तानाजी डब्यांसमोर डोक्याला हात लावून. बंटीनं हुमनाबादच्या साऊंडवाल्याला फोन लावू का म्हणून तिसऱ्यांदा विचारलं होतं. तानाजीनं ह्या वेळी नको म्हटलं नव्हतं. उठला, शेवटचं एकदा बघू म्हणून चालू करायला गेला. खालचा अ‍ॅम्प्लिफायर, मग वरचा अ‍ॅम्प्लिफायर, मग हात जोडून नमस्कार आणि सगळ्यात शेवटी मिक्सर. म्हणजे माईक आणि गाण्याच्या सगळ्या वायरी जिथं येतात ते बटनांचं खोकं. "धप्प!" गव्हातली चिमणी उडाली.

"तुम्ही ह्याला शेवटी कामून लावायलाव?" अंजूनं विचारलं. तिला साऊंडमधलं काही कळत होतं असं नाही. नवऱ्याचं तोंड बघवेना म्हणून काहीतरी विचारलं, एवढंच.

"कुणाला?"

"ह्या मिक्सरला. आणि नमस्कार कामून करायलाव?"

तानाजीला बोलायला विषय मिळाला. "कल्लप्पा मेस्त्रीची शिकवण हाय ती. माझा गुरू. हुमनाबादला सगळ्यात पयला साऊंड त्याचा. मेस्त्री सांगायचा, तान्या, मिक्सर म्हणजे मालक आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे गडी. सकाळी आधी गडी उठत्यात, झाडलोट करत्यात, बैल सोडत्यात, आणि मग मालक उठतो. रात्री आधी मालक निजतो, मग गडी. मालकाला आधी उठवून गड्यांची वाट बघायला लावलीस तर पाप लागंल. वीस वर्षांत मी हा नेम एकदा मोडला न्हाई."

मेस्त्री तरणा असताना एका पाटलाच्या वाड्यावर गडी होता, त्यामुळं त्याला जग असंच दिसणार. शिवाय त्याच्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर काचेच्या नळ्यांचे, तापायलाच पाच-पाच मिनिटं घ्यायचे. त्यांना आधी उठवणं भागच होतं. पण मेस्त्रीनं ते कारण सांगितलं नाही, पापाची भीती घातली, आणि कारण विसरता येतं, पापाची भीती कुठं विसरता येते!

अंजूनं सूप खाली ठेवलं. "मालक उठायच्या आधी गडी उठत्यात. बरं. आणि त्या गड्यांना चहा कोण देतं?"

"म्हंजे?"

"म्हंजे ह्या घरात पयलं कोण उठतं? तुम्ही? तुमचा तिप्पण्णा? चार वाजता मी उठते. आणि शेवटी कोण निजतं? चूल सारवून, दाराला कडी घालून, तुमच्या वायरी गोळा करून, मी." आता तिचा आवाज चढला. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, त्यात गादीची भर. "त्या दिवशी मला ताप होता, मी निजून राहिले. तुम्ही आधी उठलाव. काय झालं? पातेलं पाडलाव, दूध सांडलाव, साखरंचा डबा हुडकत सारं घर खाली केलाव. अख्खी आळी जागी झाली! घरची बाई जागी नसताना तुमच्यासारखा दांडगा गडी उठला की आदळआपटच व्हायची. ह्या मेस्त्रीला बायको नव्हती काय?"

होती की नव्हती हे तानाजीला आठवेना. तोवर अंजू पदर खोचून उठलीच होती. तिनं सगळी बटनं बंद केली, तो धप्पा झाला तो झाला. मग तिनं बोटानं मिक्सर दाखवला. "ही मी." त्याचं बटन दाबलं. थोडी थांबली. "आता मी उठले, चूल पेटली, चहा झाला." मग खालचा अ‍ॅम्प्लिफायर. "हे तुम्ही." मग वरचा. "आणि हा तिप्पण्णा."

काही झालं नाही.

अगदी काहीच नाही. चिमणी गव्हावर परत येऊन बसली. तानाजी पांढराफटक पडला. "जळलं!" तो किंचाळला. "अंजे, जाळलीस की गं!" धावत जाऊन त्यानं मोबाईलची वायर मिक्सरला लावली, आणि सनई अशी सुटली की पलीकडच्या घरातून राजूबाई ताक टाकून बाहेर आली. जळलं कुठलं! मग त्यानं बंद केलं, उलटं. आधी तिप्पण्णा, मग तो स्वतः, शेवटी अंजू. चिडीचूप.

त्यानं ते अकरा वेळा केलं. दर वेळी अंजूकडं बघायचा, दर वेळी ती गहू निवडत "हं" म्हणायची. मग त्यानं विजयेंद्रला फोन लावला. विजयेंद्र आधी हसला आणि मग भडकला. "अण्णा, वीस वर्षं तुम्ही मिक्सर शेवटी लावायचात? अहो, मिक्सर चालू होताना करंटचा एक झटका पुढं फेकतो. अ‍ॅम्प्लिफायर जागा असला तर तो झटका हजारपट करून डब्यात टाकणार! झोपलेला असला तर त्याच्या कानावरच जाणार नाही. बंद करतानाही तेच. हे मी पहिल्या दिवशी शिकलो." तानाजी म्हणाला, "मग मला कामून सांगितला न्हाईस?" विजयेंद्र म्हणाला, "बटनं कशी दाबता हे मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. आणि हे विचारायचं असतं होय, अण्णा?"

संध्याकाळी तानाजी गोठ्याजवळ अंजूला हळूच म्हणाला, "तुझी गादी मी भरून देतो."

"कापसाची द्या," ती म्हणाली.

लग्नाचा दिवस उजाडला. तानाजीचा साऊंड मांडवात सकाळी सातलाच सुरू झाला, गपगार. गावातले लोक सवयीनं खांब धरून उभे होते, ते खांब सोडून एकमेकांकडं बघायला लागले. जनवाड्याचं वऱ्हाड दहाला आलं. नागव्वा दोन्ही कानात कापसाचे बोळे घालूनच जीपमधून उतरली. मांडवात पुढच्या रांगेत तिची खुर्ची. बसल्याबसल्या तिनं पहिली आज्ञा सोडली, मांडवामागचा जनरेटर बंद करा, त्याच्या आवाजानं डोकं उठलंय. तानाजीनं निमूटपणे सगळं घरच्या लाईनीवर घेतलं. दुसरं काय करणार!

बारा पस्तीसचा मुहूर्त. मंगलाष्टकं झाली आणि आवाज काय लागला होता म्हणून सांगू! "शुभमंगल सावधान" म्हणता अक्षता उडाल्या, वाजंत्र्यांनी हलगी-सनईचा एकच कल्लोळ केला, आणि त्याच क्षणी करंट गेला. सगळं एकदम गेल्यामुळं डब्यांनी एक धप्पा दिलाच. पण हलगीच्या दणक्यात तो कुणाला कळला नाही. कळला एकट्या तानाजीला. वाचलो, त्याला वाटलं.

कुठला वाचतोय! वाजंत्री थांबले, गुरुजींनी घाई करून कन्यादानाला बसवलं. एका पाटावर तानाजी, शेजारी अंजू, समोर नवरानवरी. मांडव शांत. वरचे पंखे बंद, माईक बंद, गुरुजी नुसत्या गळ्यानं मंत्र म्हणताहेत. आणि पाण्याची धार हातावर पडायला लागली तेव्हा तानाजीच्या डोक्यात लख्ख पेटलं. करंट गेला, पण बटनं? बटनं सगळी चालूच होती! मिक्सरचं चालू, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचं चालू. आता करंट आला की बाई, गडी, सगळे एकदमच उठणार. ह्या शांततेत. आणि नागव्वा तर पाच हातांवर.

उठावं तर हात ओंजळीत. ओंजळीत अंजूचे हात, पोरीचे हात, वर पाण्याची धार. कन्यादानातून बाप उठला असं कुणी ऐकलंय? त्यानं मान वळवून तिप्पण्णाला शोधलं. तिप्पण्णा पहिल्या पंगतीला जाऊन बसला होता, आणि ताटावर बसलेल्या तिप्पण्णाला ढोल लावून बोलवलं तरी ऐकू येत नसे. बंटी फेटा सावरत मोबाईलमध्ये स्वतःलाच बघत होता. तानाजी डोळ्यांनी टेम्पो दाखवी, बंटी हात हलवून हसे. गुरुजी म्हणाले, "लक्ष इकडं द्या, यजमान." इथं मंगळसूत्र अजून ताटात होतं.

मंजुश्रीनं बापाचं तोंड पाहिलं. मग बाप बघत होता तिकडं, टेम्पोकडं पाहिलं. पोरगी वायरींवर वाढलेली, तिला सांगावं लागलं नाही. तिनं ओंजळीतून हात काढले, शालू दोन्ही हातांनी वर धरला आणि भर कन्यादानातून उठून पळत सुटली.

"अय्यो, नवरी पळाली!" हे पहिलं नागव्वाच ओरडली. मग काय विचारता! अंबाजी उठला, वऱ्हाड उठलं, राजूबाईनं कपाळ बडवून घेतलं, गुरुजींची पळी पाण्यात पडली. नागेंद्र बिचारा ओंजळ तशीच धरून "काय झालं? मी काय केलो?" म्हणून एकेकाला विचारू लागला. तोवर मंजुश्री मुंडावळ्या उडवत टेम्पोवर चढली होती. तिनं वरचं बटन बंद केलं, खालचं बंद केलं, आणि खालच्या बटनावरचं तिचं बोट अजून निघालं नव्हतं तोच पंखे फिरायला लागले.

मांडवात एवढा गोंधळ, पण डब्यांमधून हूं का चूं नाही. मंजुश्रीनं मिक्सरचा दिवा बघितला, थोडी थांबली, मग एकेक करून अ‍ॅम्प्लिफायर उठवले. खाली उतरली, शालू सारखा केला आणि चालत, हां, अगदी नव्या नवरीनं चालावं तसं खाली बघत चालत, पाटावर येऊन बसली. नागेंद्रची ओंजळ होती तशीच होती. तिनं त्यात हात ठेवले.

नागव्वा खुर्चीतून उठली होती. तानाजीनं डोळे मिटले. म्हातारी काठी टेकत थेट पाटाशी आली. "कुठं गेलतीस गं?"

"आज्जी, साऊंड बंद करायला. करंट आला असता तर धप्पा झाला असता, तुमच्या छातीत पुन्हा धस्स झालं असतं." पोरीला धाप लागली होती. "आणि तुम्ही उठला असताव."

नागव्वानं एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मंजुश्रीनं पुन्हा सांगितलं. म्हातारी वळून वऱ्हाडावर खेकसली, "बसा की खाली! पोरगी माझ्यासाठी पळालती. नवरी पळाली, नवरी पळाली, कोण ओरडलं मगाशी?" कुणीही तिचं नाव घेतलं नाही. ती खुर्चीवर न जाता तिथंच पाटाशेजारी सतरंजीवर बसली.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं, माईक हातात घेतला, आणि पुन्हा तांब्या उचलला. "चला यजमान. म्हणा, माझी ही कन्या मंजुश्री..." आणि माईक तानाजीच्या तोंडाशी धरला.

वीस वर्षांत तानाजी माईकवर "हॅलो, चेक, एक, दोन, तीन" ह्याच्यापुढं कधी बोलला नव्हता. त्याच्या डब्यांतून शेकडो बापांनी हे वाक्य म्हटलं होतं आणि तो टेम्पोत बसून त्यांचा आवाज कमी-जास्त करत आला होता. "माझी ही," एवढं तो म्हणाला. ओंजळीतला मंजूचा हात गरम होता. "माझी ही मं..." आणि पुढं नाव आलंच नाही, हुंदका आला. पोटातून आलेला, जाडा, खालच्या सुरातला हुंदका. खालचा सूर म्हणजे बेसचंच काम. दोन्ही डब्यांनी तो उचलला आणि मांडवभर सोडला. खुर्च्या थरथरल्या, पंगतीत तिप्पण्णाचा घास हातात राहिला, आणि जनवाड्याच्या सगळ्या वऱ्हाडानं एकदम नागव्वाकडं पाहिलं. हा आवाज सगळ्या धप्प्यांहून मोठा होता.

बंटीला आत्ता कुठं जाग आली. तो मिक्सरकडं धावला. नागव्वानं काठी आडवी घालून त्याला अडवलं.

"बंद करू नको रे," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. "रडू द्या त्याला. पोरगी द्यायलाय तो."

गुरुजींनी माईक तसाच धरून ठेवला, आणि तानाजी सगळ्या कोहिनूरला ऐकू जाईल असा रडला.